अचूक स्क्रू

सोलापुरास विमानाचा विषय अगदींच परका नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म याच गांवीं १८८२ सालीं झाला, आणि बंगलोर येथें १९४० सालीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी त्यांनींच काढली. होटगी रस्त्यावरील विमानतळाकरितां २०२३ सालीं साखर कारखान्याची चिमणी पाडण्यांत आली, तेव्हांचा वाद तर सर्वांच्या स्मरणांत आहे. परंतु आम्हांस आज जिच्याविषयीं लिहावयाचें आहे ती वस्तु करंगळीच्या पेराएवढी आहे.

लहान विमानाच्या इंजिनावर पातळ पत्र्याचें झांकण असतें. त्यास काउलिंग म्हणतात. तपासणीच्या वेळीं तें काढावें लागतें, पुन्हां बसवावें लागतें, आणि या खटाटोपांत त्याच्या स्क्रूंच्या खांचा झिजतात, कांहीं स्क्रू हरवतात. मग प्रश्न येतो बदली स्क्रूचा. अमेरिकन बनावटीच्या विमानांत पुष्कळदां जो आठ नंबरी स्क्रू असतो, त्याचा व्यास सुमारें ४.१७ मिलिमीटर, व त्यावर इंचास बत्तीस आटे. आमच्या बाजारांतील चार मिलिमीटरचा स्क्रू चिमटींत धरला तर त्याचा जुळा भाऊच वाटावा. परंतु तो एकदोन फेरे सुखानें फिरतो, मग अडतो, आणि जोर केल्यास आंतले आटे खातो. बसक्या डोक्याच्या स्क्रूची गोष्ट याहूनहि नाजूक आहे. विमानाच्या स्क्रूच्या डोक्याचा उतार शंभर अंशांचा, बाजारच्या मिलिमीटरी स्क्रूचा नव्वदांचा. दहा अंशांचा हा फरक डोळ्यास दिसत नाहीं. पण डोकें सबंध न टेकतां आंतल्या कडेवर तेवढें टेकतें, आणि इंजिनाच्या कंपनानें तेथूनच पत्र्यास चीर जाऊं शकते.

आमच्या गांवांतील यंत्रमागाचा जुना मिस्त्री बोल्ट हातांत घेतांच त्याचें माप सांगतो. या कसबाविषयीं आम्हांस आदर आहे. चादरीचा धंदा अशाच हातांवर उभा राहिला. मग विमानापुढें या नजरेनें मान कां खाली घालावी? आमच्या मतें कारण असें: मागाचा बोल्ट चुकला तर धोटा अडकतो, माग थांबतो, आणि ज्यानें तो बसवला तोच तेथें उभा असतो. दोष व दुरुस्ती एकाच छपराखालीं राहतात. विमान मात्र मिस्त्रीस मागें ठेवून जातें, आणि त्याच्या अंदाजाची परीक्षा त्यानें कधीं न पाहिलेला माणूस देतो. स्वतःच्या नजरेवर स्वतःचा जीव टाकणें हें धाडस असेल. दुसऱ्याचा टाकणें हें धाडस नव्हे.

येथें इंग्लंडांतील १९९० सालची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका प्रवासी विमानाच्या चालकापुढील कांच १७,३०० फुटांवर निखळली, आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सोबत्यांनीं त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानें साउदॅम्प्टन येथें विमान उतरवलें, आणि आश्चर्य असें कीं सर्व वांचले. ती कांच उड्डाणापूर्वीं रात्रपाळींत नवी बसवली होती. नव्वद बोल्टांपैकीं ८४ जाडीला २६ सहस्रांश इंच कमी, व उरलेले लांबीला कमी निघाले. बसवणारा आळशी नव्हता, अनुभवी अधिकारी होता. त्यानें जुना बोल्ट नमुन्यादाखल हातांत धरून नवे निवडले. कोणता बोल्ट लागतो हें भांडारपालानें बरोबर सांगितलेलें असतांहि! आणि ज्याचा नमुना केला, तो जुना बोल्टच मुळीं योग्य मापाचा नव्हता; लांबीला उणा असूनहि तो काम देत आला होता. ‘आजवर चाललें’ हा पुरावा किती फसवा असतो! जें चाललें तें बरोबर होतें म्हणून चाललें, कीं चुकीचें असूनहि चाललें, हें त्या चालण्यावरून कधींच कळत नाहीं.

कोणी म्हणेल, बाजारांत तंतोतंत तसाच, तितक्याच बळकट पोलादाचा स्क्रू मिळाला तर केवळ कागदाकरितां दसपट पैसा कां मोजावा? आक्षेप पोकळ नाहीं. कागद पोलादास बळकटी आणत नाहीं. परंतु ‘तितकाच बळकट’ हें आपण कशावरून म्हणतों? त्याचें पोलाद कोणतें व त्यावर कोणती परीक्षा झाली, हें स्क्रूच्या चेहऱ्यावर लिहिलेलें नसतें. प्रमाणपत्र ही कोणीतरी दिलेली साक्ष आहे. साक्ष खोटीहि असूं शकते. तथापि खोट्या साक्षीस जाब विचारतां येतो, मूक स्क्रूस तो विचारतां येत नाहीं. निर्मात्याच्या सचित्र पुस्तकांतहि चूक असूं शकेल. तशी शंका आल्यास निर्मात्यास लिहून विचारावें, दुकानच्या डब्यांत हात घालून उत्तर शोधूं नये.

एक गोष्ट मात्र या चर्चेंत नेहमीं निसटते. मिस्त्रीस मोह पडतो तो बहुधा स्क्रूच्या किमतीचा नसतो. विमान जमिनीवर उभें असतें, आणि मालक दिवसांतून तीनदां ‘अजून झालें नाहीं?’ म्हणून विचारतो. हा प्रश्न विचारणाऱ्याचा वांटा आम्ही मिस्त्रीच्या वांट्याहून लहान मानीत नाहीं. त्यानें योग्य स्क्रूंचीं दोन पाकिटें कपाटांत आधींच ठेवलीं असतीं, तर मिस्त्रीस बाजार धुंडाळण्याची वेळच आली नसती.