जन्मजात सेवक

एखादा जीव जन्मतःच नोकर असू शकतो का? नुसता काम करणारा नव्हे. आपण दुसऱ्यासाठी राबतोय हे ज्याला नीट कळतं आणि तरीही ज्याला त्यात फक्त सुखच वाटतं, असा. आणि खऱ्या जगात असा जीव नसेल, तर तो कल्पनेत तयार करण्यात काही गैर आहे का?

प्रश्न पुस्तकी वाटेल. माझ्यापुढे मात्र तो एका खेळातून आला, आणि त्यावरून आमच्यात तीन आठवडे भांडण चाललं.

या खेळाला स्पेक्युलेटिव्ह इव्होल्यूशन म्हणतात. आपण कल्पित उत्क्रांती म्हणू. एक जग घ्यायचं, त्यात काही खरे जीव सोडायचे आणि लाखो-कोटी वर्षांनी त्यांचे वंशज कसे असतील ते रचायचं. स्कॉटिश लेखक डुगल डिक्सन यांच्या १९८१ सालच्या ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकाने हा प्रकार लोकप्रिय केला. माणूस नामशेष झाल्यानंतरची, पाच कोटी वर्षं पुढची पृथ्वी त्यात आहे. तिथे सशांचे वंशज हरणांसारखे चरतात आणि उंदरांचे वंशज लांडग्यांसारखी शिकार करतात. अलीकडच्या पिढीला ‘सेरिना’ जास्त ठाऊक असेल. त्यात एका उपग्रहावर पिवळे कॅनरी पक्षी सोडून दिलेत आणि पुढे त्यांच्यापासून अख्खी जीवसृष्टी उभी राहते.

खेळ मोकळा वाटतो, पण नियम कडक आहेत. प्रत्येक प्राण्याला पूर्वज हवा. मधला प्रत्येक टप्पा जगण्यालायक हवा. आणि प्रत्येक फायद्याची किंमत कुणीतरी मोजलेली हवी. मोठा मेंदू हवाय? माणसाचा मेंदू वजनाच्या दोन टक्के असतो आणि शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. मग तुझ्या प्राण्याला एवढं खाणं कुठून मिळतं ते सांग. ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर चालत नाही.

आम्ही सात जण मिळून असं एक जग रचतोय. माणूस संपल्यानंतरचं, दोन कोटी वर्षांनंतरचं दख्खन. पाऊस कमी, गवत उंच, काळ्या दगडाखाली भुयारं. आमच्यातल्या एकाने घुशीचे वंशज घेतले. निवड उत्तम होती, कारण घुशी आजही बिळात धान्य साठवतात. त्याच्या घुशी मोठ्या वसाहतींत राहतात, खाली कोठारं बांधतात, म्हणून आम्ही त्यांना ‘कणगी’ म्हणू लागलो. पुढे त्याने त्यांना बुद्धी दिली. त्या दाणे मोजतात, दुष्काळाचा अंदाज घेतात, एकमेकींशी बोलतात.

मग त्याने त्यांच्यात दोन जाती केल्या. थोराड आणि खुजे. थोराड हिशोब ठेवतात, खुजे खणतात. हे जन्मतः ठरतं. आणि खुज्यांच्या मेंदूत अशी सोय, की थोराडांचा वास आला की त्यांना सुख होतं. सगळं समजतं, पण दुसरं काही व्हावंसं कधीच वाटत नाही.

मी म्हणाले, “हे मला पटत नाही.”

तो म्हणाला, “अगं, मुंग्यांचं तेच असतं की. नॅचरल आहे.”

दुसरी एक मैत्रीण म्हणाली, “कागदावरच्या घुशीवर कसला आलाय अन्याय?”

तिचं म्हणणं आधी घेते, कारण ते वजनदार आहे. कल्पनेतल्या प्राण्याला वेदना नसते. मी चित्रातल्या सशाला चित्रातल्या लांडग्यापुढे टाकलं, तर कुणाचंही रक्त सांडत नाही. मी स्वतः या जगात एक परोपजीवी माशी रचली आहे, जिच्या अळ्या सरड्याला आतून खातात. त्याचं मला काही वाटत नाही. निसर्गात क्रौर्य आहे. ते कल्पनेतून काढून टाकलं, तर उरतं ते खोटं, गुळगुळीत जग. त्यामुळे क्रूर प्राणी रचू नये, असं माझं म्हणणं नव्हतंच.

मला खटकलं ते वेगळंच होतं. माझ्या सरड्याला खाल्लं जाणं आवडत नाही. तो तडफडतो, पळतो, जमलं तर वाचतो. त्याचा विरोध मी त्याच्याकडे ठेवला आहे. कणगीतल्या खुज्याकडून मात्र रचणाऱ्याने नेमकं तेवढंच काढून घेतलं. त्याला समज दिली, भाषा दिली, आणि ‘नाही’ म्हणण्याची शक्यता मात्र ठेवली नाही. मग तोच म्हणतो, बघा, खुजे किती सुखी आहेत! पण ते सुख कुणी विचारून मिळवलेलं नाही. आधीच लिहून ठेवलेलं आहे. अत्याचार लिहिणं एक आणि अत्याचार होणाऱ्याची संमतीही आपणच लिहून टाकणं दुसरं.

ही कल्पना नवी नाही. डग्लस अ‍ॅडम्सच्या एका विनोदी कादंबरीत एक गुरासारखा प्राणी जेवणाच्या टेबलापाशी येऊन स्वतःच्याच मांसाची शिफारस करतो, कारण त्याची पैदासच तशी केलेली आहे. आपण हसतो, पण घास अडकतो. हॅरी पॉटर वाचलेल्यांना घरातले एल्फ आठवतील. सेवेतच सुखी असलेले, आणि त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्या मुलीला वेड्यात काढणारी शाळा.

तरी, नैतिक आक्षेप घेऊन थांबले असते तर मित्र म्हणाला असता, ‘तुझी आवड वेगळी, माझी वेगळी.’ म्हणून मी त्याला खेळाचेच नियम लावले. निसर्गात हे खरंच असं असतं का?

मधमाश्यांपासून सुरुवात करू. राणी आणि कामकरी माशी यांचं अंडं सारखंच असतं. पहिले काही दिवस सगळ्याच अळ्यांना रॉयल जेली मिळते. जिला पुढेही तीच मिळत राहते, ती राणी होते. म्हणजे फरक वाढपातला आहे. शिवाय कामकरी माशी कधीकधी स्वतः अंडी घालते. ती अंडी बहुतेक वेळा दुसऱ्या कामकरी माश्या शोधून खाऊन टाकतात. इतक्या शिस्तीच्या पोळ्यातही पहारा लागतो.

घुशींच्या जवळचं उदाहरण हवं असेल, तर पूर्व आफ्रिकेतले केस नसलेले मोल-रॅट आहेत. १९८१ सालीच जेनिफर जार्व्हिस यांनी दाखवून दिलं, की हे सस्तन प्राणी मुंग्यांसारखी वसाहत करतात. एक राणी पिल्लं घालते, बाकीचे खणतात. पण बाकीच्या माद्या जन्मतः वांझ नसतात. राणी आहे तोवर त्यांचं प्रजनन दबलेलं असतं. राणी गेली की त्यांच्यातल्या काही एकमेकींशी भांडतात, कधी जीव जाईपर्यंत, आणि एक राणी होते.

आणखी जवळ या. आपल्याकडे छपराच्या वळचणीला कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाश्या असतात. त्यांच्यातल्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं केला आहे. या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी तर चक्क शांत, कुणावर धावून न जाणारी. तिला पोळ्यावरून उचललं, की थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते. राणीला परत आणलं नाही, तर काही दिवसांत तीच राणी होते. काल कामाला जाणारी आज अंडी घालते. तिच्या शरीरात ते आधीपासूनच शक्य होतं.

माझा मित्र हुशार आहे. तो म्हणाला, “सोयीची उदाहरणं घेतेस तू. काही मुंग्यांच्या कामकऱ्यांना अंडाशयच नसतं. त्यांचं काय?”

खरं आहे. फायडोली या मुंग्यांमध्ये कामकऱ्यांना अंडाशय नसतं. तिथे बंड शक्यच नाही. पण मग तिथे मालक तरी कुठे आहे? राणी हुकूम देत नाही. कुणी काय करायचं, हे मुंग्या एकमेकींच्या वासावरून आणि भेटीगाठींवरून ठरवतात. १९६४ साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी दाखवलं, की बहिणींना वाढवताना कामकरी आपलीच जनुकं पुढे पाठवत असते. ‘सेवा’ हा शब्द तिथे लागूच पडत नाही. ‘राणी’ हा शब्दही आपण दरबारातून उचलून वारुळात ठेवला. इंग्रजीत तर मुंग्यांच्या या प्रकारांना ‘कास्ट’च म्हणतात. माणसाचा शब्द वारुळात जातो आणि निसर्गाचा शिक्का मारून परत येतो.

म्हणजे निसर्गात दोन गोष्टी सापडतात. एक, वेगळं काही होणं शक्यच नसलेले जीव. तिथे मालक नसतो. दोन, वेगळं काही होऊ शकणारे जीव. तिथे व्यवस्था टिकवण्यासाठी खाणं, वास, चावा, पहारा लागतो, म्हणजे किंमत मोजावी लागते. सगळं समजतं, बोलता येतं, वेगळं होता येतं, आणि तरी आनंदाने, फुकट, कायम खाली राहणारा जीव मला कुठल्याही बिळात सापडला नाही. तो सापडतो फक्त मालकांनी सांगितलेल्या गोष्टींत.

अशा गोष्टी जुन्या आहेत. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये आदर्श राज्य टिकवण्यासाठी लोकांना सांगायचं ठरतं, की तुमच्यातल्या काहींत जन्मतः सोनं मिसळलंय, काहींत चांदी, काहींत लोखंड आणि पितळ. विशेष म्हणजे हे असत्य आहे, हे तिथे मोकळेपणाने मान्य केलंय. आपल्याकडे एवढा मोकळेपणाही नव्हता. १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. आंबेडकरांनी जातीची दोन ‘शास्त्रीय’ समर्थनं तपासली, श्रमविभागणीचं आणि वंशशुद्धीचं, आणि दोन्ही नाकारली. हे निसर्गाचं काम आहे, असं म्हणणाऱ्याला त्यांनी पुरावा मागितला. आमच्या खेळातही पहिला नियम तोच आहे.

आणि कल्पित उत्क्रांतीच्या घराण्यातही हा प्रश्न पहिल्यापासून बसलेला आहे. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या ‘टाइम मशीन’मध्ये कामगार आणि श्रीमंत यांच्यातलं अंतर वाढत वाढत त्यांच्या दोन वेगळ्या जाती होतात, वर नाजूक इलॉय आणि खाली जमिनीत मॉरलॉक. तिथे खालचे सुखी वगैरे नाहीत. ते रात्री वर येऊन वरच्यांना खातात. वेल्सने किंमत लिहायची सोडली नाही.

मित्राची कणगी आम्ही काढून टाकली नाही. कल्पनेवर बंदी घालणं मला मान्य नाही. शिवाय प्रत्येक प्राणी नीतिकथा सांगू लागला, तर खेळ रटाळ होईल ही त्याची भीती खरी होती. आम्ही फक्त विचारलं, थोराड-खुजे हे घडतं कसं ते सांग. चार दिवसांनी त्याने उत्तर आणलं. जन्मल्यावर सगळी पिल्लं सारखी. थोराड दाया काहींना सतत चाटतात, आणि त्यांच्या लाळेतल्या द्रवाने त्यांची वाढ खुंटते. पुरात फुटलेल्या भुयारातलं, न चाटलेलं पिल्लू थोराडाएवढंच वाढतं. दुष्काळात दाया कमी पडतात, आणि तेव्हाच कणगीत खुज्यांची भाषा बदलते. त्यात पहिल्यांदा एक शब्द येतो. तो कोणता, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

प्राणी आता जास्त चांगला झालाय, हे तोही मानतो. पण त्याने असंही म्हटलं, की हा आता पूर्ण माझा राहिला नाही. त्याचं दुःख मला समजतं. एकत्र जग रचण्याचा तोटाच हा, की आपल्या स्वप्नातल्या सोयीच्या जागी दुसरा येऊन ‘हे कसं?’ विचारतो.

माझ्या मते हा त्या खेळाचा सर्वात मोठा फायदाही आहे. कारण ‘नॅचरल आहे’ हे वाक्य खेळापुरतं राहत नाही. बायकांना स्वयंपाकाची उपजतच आवड असते. त्या कामाची त्या लोकांना सवयच असते. गटारात उतरणाऱ्याला वास येत नाही. ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, जेवताना, गाडीत, लग्नात. प्रत्येक वाक्यात एक खुजा आहे, ज्याला कुणी विचारलेलं नाही आणि जो सुखी असल्याचं दुसऱ्याच कुणीतरी सांगितलंय.

अशा वेळी मी आता भांडत नाही. खेळातला प्रश्न विचारते. हे जन्मजात असेल, तर ते टिकवायला इतका पहारा का लागतो? पिल्लांना चाटणारं कोण आहे? आणि त्याची किंमत कोण मोजतंय?