वेष्टनाचा धर्म

बाह्य रूपाविषयी आपल्या भाषेने फारसा चांगला अभिप्राय दिलेला नाही. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा', 'बडा घर पोकळ वासा', 'वरून कीर्तन, आतून तमाशा' अशा म्हणींची एक रांगच उभी करता येईल. पुडीसारख्या निरुपद्रवी वस्तूलाही भाषेने सोडले नाही. खोटी बातमी पसरवणाऱ्याला आपण 'पुडी सोडली' असेच म्हणतो. आणि तरीही पोथीला बासन, तंबोऱ्याला गवसणी आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधल्याशिवाय मराठी घराला चैन पडत नाही. म्हणजे आवरणावाचून आपले चालत नाही आणि आवरणावर आपला विश्वासही नाही. ही विसंगती मनात ठेवून आम्ही येथे एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करू इच्छितो. वस्तू विकली जावी म्हणून तिचे वेष्टन आकर्षक करणे, यात नैतिकदृष्ट्या काही गैर आहे काय? आणि असल्यास ते नेमके कोठे सुरू होते?

वेष्टनाचे पहिले काम रक्षणाचे. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या बोलण्याबद्दल. सुलतान बाजारात किंवा काचीगुड्यात आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या दुकानांतून वाणसामान आणले, तेथील पुडी मुकी होती. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, दोऱ्याचे चार वेढे, आत पावशेर धणे. पुडीला बोलण्याची गरजच नव्हती, कारण दुकानदार बोलत असे. त्याचा बाप आपल्या आजोबांना ओळखत होता आणि धणे किडके निघाले तर संध्याकाळी त्याच उंबऱ्यावर जाऊन त्याला जाब विचारता येत होता. मालाची खूण म्हणजे विकणाऱ्याचा चेहरा.

या साधेपणाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. छपाईच्या शाईतील शिशासारखी द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून २०१८च्या अन्न-वेष्टन नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. साधे ते निर्दोष, हे समीकरण येथेच चुकते. पळसाच्या पानातला फुलांचा पुडा साधा आणि निर्दोष. वर्तमानपत्रातली भज्यांची पुडी साधी, पण सदोष.

मुकी पुडी बोलू कधी लागली, तर ग्राहक आणि विक्रेता यांची ओळख तुटली तेव्हा. आपल्या शहरातील उस्मानिया बिस्किटाचे उदाहरण घ्यावे. इराणी हॉटेलात ते काचेच्या बरणीत असे आणि बशीतून समोर येई. चहात बुडवले की खारट-गोड चव जिभेवर उतरे. त्याला नाव-गाव छापण्याची आवश्यकता नव्हती. आज तेच बिस्कीट चारमिनारचे चित्र मिरवणाऱ्या डब्यातून विमानतळावर विकले जाते आणि पुण्याला किंवा परदेशी जाते. तेथे ते उघडणाऱ्याला बरणी ठाऊक नाही, हॉटेल ठाऊक नाही, भाजणारा हात ठाऊक नाही. त्याच्यापाशी डब्यावरील अक्षरे तेवढी आहेत. वेष्टन म्हणजे अनुपस्थित माणसाने अनोळखी माणसाला दिलेला शब्द. एवढे मान्य केले की त्याचे आकर्षक असणे हा गौण प्रश्न ठरतो. दिलेला शब्द गोड आवाजात दिला म्हणून कोणी दोष देत नाही. तो पाळला की नाही, एवढेच विचारले जाते.

हैदराबादेतील फार थोड्या घरांना 'झिंदा तिलिस्मात'ची ओळख करून द्यावी लागेल. हकीम मुहम्मद मोइझुद्दीन फारूकी यांनी १९२० मध्ये सिद्ध केलेले हे निलगिरी-कापराचे औषध, आणि त्याच्या वेष्टनावरचे हबशी योद्ध्याचे चित्र! निजामाच्या सैन्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घोडेस्वारांचे पथक होते, 'ए. सी. गार्ड्स' या वस्तीच्या नावात ते अजून टिकून आहे. त्या स्वारांच्या बळाची ख्याती औषधाच्या गुणाला जोडली गेली. रचनाशास्त्राच्या आजच्या कसोट्यांनी पाहिले तर या वेष्टनात जुनाटपणाच अधिक दिसेल. तरीही सर्दीने नाक चोंदलेला माणूस कपाटात हात घालतो तो याच चित्राच्या ओळखीने. येथे आकर्षण नवलाईतून आलेले नाही. ते शंभर वर्षांच्या सातत्यातून आले आहे. पण याच वेष्टनात एक अवघड प्रश्नही दडलेला आहे. पथक गेले, त्या स्वारांच्या वंशजांचे वैभव गेले. चित्र मात्र कपाटाकपाटांतून बळाची ग्वाही देत राहिले. चित्र ज्याचे, त्याचे आपण काही देणे लागतो काय? वेष्टन ग्राहकाला शब्द देते तसे ते चित्रित माणसाचेही ऋण घेते, ही गोष्ट बाजारात क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

शब्द मोडण्याचे मार्ग तीन: मापाने, शब्दाने आणि चित्राने.

मापाचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवाळीत पुठ्ठ्याच्या जड डब्यासकट मिठाई तोलली जाते आणि आपण पुठ्ठ्याला काजुकतलीचा भाव देतो. ही उघड लबाडी. निव्वळ वजनाचा नियम तिला पुरतो. सूक्ष्म प्रकार दुसरा आहे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, रंग तोच, चित्र तेच, आतील बिस्किटे मात्र कमी होत जातात. वजन छापलेले असते, म्हणून कायद्याने हे असत्य नाही. उत्पादकाची बाजूही दुबळी नाही. ज्या मजुराच्या खिशात पाचाचेच नाणे आहे, त्याला सहा रुपयांचा पुडा म्हणजे न मिळालेला पुडा. परंतु सत्य सांगितले असले, तरी ते ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगितले, हा दोष उरतोच. १९७७च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी निव्वळ वजन व किंमत छापणे बंधनकारक केले. २०११ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. चहा, बिस्किटे, मीठ अशा काही वस्तू ठराविक वजनांच्याच पुड्यांत विकण्याचे बंधन होते, ते २०२१च्या दुरुस्तीने काढले आणि त्याऐवजी दर ग्रॅमची वा दर किलोची किंमत छापण्याची सक्ती २०२२ पासून आणली. शासनाने हिशेब आपल्या हाती दिला. तो वाचण्यासाठी चष्मा मात्र आपला आपणच लावायचा आहे.

दुसरा मार्ग शब्दाचा. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना 'घरगुती' या शब्दाइतका दुबळा करणारा शब्द दुसरा नसेल. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतील मेतकूट आणि गोडा मसाला ही पिढ्यान्‌पिढ्या आपली शिदोरी होती. आता ती पाकिटे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि त्यांवर नऊवारीतली आजी हसत असते. यंत्रावर दळलेला मसाला वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. कदाचित तो अधिक स्वच्छ असेल. पण 'घरगुती' म्हणताना मसाल्याबरोबर आजीही विकली जाते, आणि आजी त्या कारखान्यात कधीच नव्हती. २०१८च्या खाद्यपदार्थ-जाहिरात नियमांनी चुकीची समजूत करून देणाऱ्या अशा शब्दांना अटकाव केला आहे. तिसऱ्या मार्गाला, म्हणजे चित्राला, आवर घालणे त्याहून कठीण. समोर रसाळ आंबा आणि मागे बारीक अक्षरांत 'कृत्रिम स्वाद', असे पेय घेणारा मनुष्य वाचून घेत नाही, पाहून घेतो.

मग कसोटी कोणती? आम्हांला एक सुचते. पुडा उघडला जात असताना तो बनवणारा ग्राहकासमोर उभा राहू शकेल काय? ज्या वेष्टनाच्या कर्त्याला त्या क्षणी नजर चुकवावी लागणार नाही, ते कितीही नटलेले असले तरी प्रामाणिक. ज्याच्या कर्त्याला तोवर दूर गेलेले बरे वाटेल, ते कितीही साधे असले तरी अप्रामाणिक. ही कसोटी कायद्याची नाही. पण तो जुना दुकानदार रोज याच कसोटीला उतरत होता, कारण दूर जाण्याची सोयच त्याला नव्हती.

येथे कोणी म्हणेल की ग्राहकाला भुलणेच आवडते. हा आक्षेप खरा आहे आणि सुंदरही आहे. आहेराची वस्तू उघडीच हातात ठेवली तर देणाऱ्याचे मन हिरमुसते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीत फसवणुकीइतकेच कुतूहलाचेही मोल आहे. तेथे वेष्टन दोघांच्या संमतीचा खेळ असते. गोदावरीच्या खोऱ्यातील आत्रेयपुरमचे पूतरेकुलु तर या सर्व वादावर मात करतात. उपड्या तापल्या मडक्यावर तांदळाच्या पातळ पिठाचा फडका फिरवून निघणारा कागदासारखा पापुद्रा, त्यात तूप आणि साखर वा गूळ. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मिठाईत वेष्टन कोणते आणि वस्तू कोणती, हे सांगता येत नाही. खाल्ल्यावर मागे काही उरतही नाही. मिठाईच्या डब्यांवर गुंडाळल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिकवर २०२२च्या जुलैपासून बंदी आणावी लागली, हे आठवले म्हणजे त्या पापुद्र्याचे शहाणपण अधिकच जाणवते.

आतापर्यंत आम्ही बनवणाऱ्याचे कर्तव्य सांगितले. वाचणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि ते विसरले की होणारा अन्याय पुठ्ठ्याच्या वजनापेक्षा भारी असतो. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ मध्ये मोअज्जम जाही मार्केटपाशी बेकरी काढली आणि तिला सुटलेल्या शहराचे नाव दिले: कराची. २०१९ मध्ये बंगळूरातील तिच्या शाखेच्या पाटीवर तो शब्द जमावाच्या दबावामुळे झाकावा लागला. फळांच्या बिस्किटाची चव त्या दिवशी पालटली नव्हती. नाव म्हणजे गमावलेल्या घराची आठवण होती. वाचणाऱ्यांनी त्यात निष्ठा वाचली.

आपण हे विशेष समजून घेतले पाहिजे. आपल्या आडनावांतील 'कर' प्रत्यय हीसुद्धा सुटलेल्या गावाची पाटीच आहे. त्यातल्या कित्येक गावांत आज आपले एक दारही उघडे नाही. कुलकर्णी, देशपांडे ही एकेकाळच्या कामांची लेबले. वतने गेली, दप्तरे गेली, लेबल राहिले. या नावांवरून आपल्याविषयी कोणी निष्कर्ष काढावा हे आपल्याला रुचेल काय? मंगळवेढ्याच्या चोखोबांनी चौदाव्या शतकात उसाच्या वाकडेपणाचा दृष्टांत दिला, तो आपण नेहमी बाह्य रूपाच्या निंदेसाठी वापरतो. पण तो दृष्टांत देणाऱ्यावर समाजाने स्वतःचे लेबल चिकटवले होते आणि त्याच लेबलावरून त्याला देवळाबाहेर उभे केले होते, हे आपण सोयीने विसरतो. त्यांची तक्रार वेष्टनाविरुद्ध नव्हती. वेष्टनापाशीच थांबणाऱ्या वाचकाविरुद्ध होती.

ईशोपनिषदात सत्याचे मुख सोन्याच्या पात्राने झाकल्याचे रूपक येते. ऋषी ते पात्र फोडून टाक असे म्हणत नाही, सोने खोटे आहे असेही म्हणत नाही. तो फक्त ते बाजूला सारण्याची प्रार्थना करतो. बाजाराला वेष्टन हवेच, आणि ते देखणे असायलाही हरकत नाही. बनवणाऱ्याने ते उघडता येईल असे करावे आणि घेणाऱ्याने ते उघडून पाहण्याचे कष्ट घ्यावेत. मग ते वेष्टन बिस्किटाचे असो, मसाल्याचे असो, की शेजारी नव्याने राहायला आलेल्या माणसाच्या नावाचे असो.