फिटंफाट

सहावीतल्या पुतणीला गणित शिकवताना वहीत संख्यारेषा काढली. मध्ये शून्य, उजवीकडे धन संख्या, डावीकडे ऋण. ५ आणि −५ या विरुद्ध संख्या, त्यांची बेरीज शून्य. दोन्ही शून्यापासून सारख्याच दूर, म्हणून दोन्हींचं केवलमूल्य ५. तिला लगेच समजलं. मी मात्र त्या शून्यापाशी अडखळलो.

वडील अखेरची तीन वर्षं अंथरुणावर होते. मी परगावी नोकरीत. त्यांचं सगळं धाकट्या भावानं आणि त्याच्या बायकोनं केलं. वडील गेल्यावर घरातला माझा हिस्सा मी भावाच्या नावे करून दिला आणि म्हणालो, ‘‘आता फिटंफाट.’’ तो म्हणाला, ‘‘दादा, हिशेब मिटला. पण ती वर्षं काही परत येत नाहीत.’’ मला ते फार लागलं. याला कशाची जाणीवच नाही, असं वाटलं.

इ.स. ६२८मध्ये ब्रह्मगुप्तानं ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. समान धन आणि ऋण यांची बेरीज शून्य, हा त्यांतलाच एक. दोन्ही शब्द व्यवहारातले : संपत्ती आणि कर्ज. पैशांपुरता हा नियम चोख आहे. तोच आपण माणसांना लावतो, तिथे घोटाळा होतो.

जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं १६८५ सालच्या बीजगणितावरील ग्रंथात ऋण संख्या समजावताना एका चालणाऱ्या माणसाचं उदाहरण घेतलं. तो ५ यार्ड पुढे गेला आणि ८ यार्ड मागे आला, तर एकूण किती पुढे गेला? −३. उत्तर बरोबरच आहे. पण त्याच्या पायांना विचारलं, तर ते १३ म्हणतील. साधी बेरीज सांगते, कुठे पोचलो. केवलमूल्यांची बेरीज सांगते, किती चाललो. मी पोचण्याबद्दल बोलत होतो, भाऊ चालण्याबद्दल.

मग भरपाईला काही अर्थच नाही का? आहे. केवलमूल्यात दिशा उरत नाही. नुसतं तेच मोजलं, तर घाव आणि त्यावरचं औषध एकाच मापाचे ठरतील, आणि कुणाला कधी माफ करताच येणार नाही. भावानंही तसं केलं नव्हतं. ‘हिशेब मिटला’ हे त्यानं आधी कबूल केलं होतं. काही घडलंच नाही, एवढं मात्र तो म्हणायला तयार नव्हता. काहीच न घडल्याचं शून्य आणि ५ व −५ मिळून झालेलं शून्य, वहीत सारखंच दिसतं. घरात तसं नसतं.

ऋण म्हणजे उपकारही. मराठीत माणूस ऋणात राहतो, त्यात कमीपणा मानत नाही. हिस्सा दिला, ते योग्यच झालं. ‘फिटंफाट’ हा शब्द तेवढा तोंडातून जायला नको होता.