ट्रॉलीची स्टेपनी



शाहूवाडी तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की मलकापूर-बांबवडे रस्त्याकडेला एखादी उसाची ट्रॉली जॅकवर उभी दिसतेच. ट्रॅक्टरचे चाक तिला चालत नाही, मदतीला थांबलेल्या जीपची स्टेपनीही बसत नाही. तिच्याच मापाचे चाक हवे, तेही हवा भरलेले! तोवर तोडलेला ऊस वजनात घटत राहतो.

शहाण्या कुमारिकांनी तेल दिले नाही (मत्तय २५:१-१३), हा आम्हांला कंजूषपणा वाटे. आता तसे वाटत नाही. आई रोज रोझरी म्हणते, म्हणून आपण किती रविवार मिस्सा चुकवली? ती आपल्यासाठी प्रार्थना करते, आपल्याऐवजी नव्हे.

शनिवारी सायंकाळी पापनिवेदनासाठी आम्ही चर्चमध्ये बसू.