राहू-केतूंचं सस्पेन्स अकाउंट

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, जिचं व्हाउचर जुळत नाही आणि जी कुठल्या खात्यात टाकावी हे साहेबालाही सुचत नाही, तिच्यासाठी एक सोय केलेली असते. तिला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. कॉमर्सच्या वर्गात हे खातं शिकवताना आमच्या सरांनी ‘तात्पुरती सोय’ असे शब्द वापरले होते. वीस वर्षं कारकुनी केल्यावर मी छातीवर हात ठेवून सांगतो, की तात्पुरत्या सोयीइतकी टिकाऊ वस्तू या देशात दुसरी नाही.

सुशिक्षित मराठी माणसाच्या डोक्यातही असंच एक खातं असतं आणि त्यात राहू-केतू सुखानं नांदत असतात. सातवीच्या भूगोलात ग्रहण म्हणजे सावली हे आपण सगळेच शिकलो. आकृती काढली, सूर्याला पिवळा रंग दिला, पाचपैकी चार मार्क मिळवले. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकलं. हिशेबाच्या दोन वह्या ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आयकरवाले उचलून नेतात. घरातल्या मुलानं ठेवल्या तर त्याला संस्कार म्हणतात.

या दोन वह्या आमच्या घरात समोरासमोर आल्या त्या २५ ऑक्टोबर २०२२ रोजी. सोमवारी लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा आणि मधल्या मंगळवारी खंडग्रास सूर्यग्रहण, असा तो योग होता. आमचं मूळ घर आरे गावात. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारा रस्ता आहे, त्या रस्त्यावरचं. पर्यटकांनी अलीकडे आरे आणि वारे ही दोन गावं जोडून त्यांचं ‘आरे-वारे’ असं जोडनाव करून टाकलं आहे. दिवाळीला आम्ही सहकुटुंब तिथेच असतो.

तर वेध पहाटेच लागले. आईनं तुळशीची एक ओंजळभर पानं काढून ठेवली होती. चकल्यांच्या डब्यावर एक, शंकरपाळ्यांच्या डब्यावर एक, लोणच्याच्या बरणीत एक. मग फ्रीजपुढे येऊन ती थबकली. अख्ख्या फ्रीजला एक पान पुरतं की कप्प्यागणिक वेगळं लागतं, याबद्दल धर्मशास्त्रात काही सापडत नसावं. तिनं प्रत्येक कप्प्यात एकेक ठेवलं. बर्फाच्या खणातसुद्धा ठेवलं. कोकणी माणूस हिशेबात चुकत नाही.

इकडे आमच्या कन्येला शाळेनं गृहपाठ दिला होता : ग्रहण पाहा, दर दहा मिनिटांनी आकृती काढा. सोबत सुरक्षित काळा चष्माही दिला होता. ‘ग्रहण पाहणे’ हे आईच्या दृष्टीनं ‘ग्रहणात खाणे’ याच्या शेजारचंच पाप. आजी-नातीची बोलणी सकाळी सुरू झाली आणि दुपारपर्यंत चिघळली. मी बँकेतून मधल्या दिवसाची रजा काढून आलो होतो, ती या भानगडीत मध्यस्थी करण्यासाठी नव्हे. मी ओटीवर पेपर वाचत बसलो. पेपरात ग्रहणाचा वैज्ञानिक लेख आणि ग्रहणाचं राशिफल ही दोन्ही एकाच पानावर होती, हे जाता जाता सांगतो.

शेवटी कन्येनं हुकमाचं पान टाकलं. “आजी, बाईंनी सांगितलंय.”

आजी म्हणाली, “आणि तुझ्या बाई बघणार आहेत होय गो?”

इथे पोरगी गप्प झाली. कारण हा प्रश्न वर्गात कुणीतरी आधीच विचारला होता आणि बाईंनी हसून सांगितलं होतं, “छे गं, आमच्याकडे पाळतात. परीक्षेत सावली लिहायची, घरी घरचे सांगतील तसं करायचं.”

मला त्या बाईंचा राग आला नाही. त्यांनाही सासर आहे. पण हे वाक्य मी बरेच दिवस घोळवत राहिलो. राहू सूर्याला गिळतो असं कुणी मुलाला सांगितलं, तर ते एका गोष्टीपुरतं फसतं आणि मोठेपणी सावरतं. परीक्षेतलं उत्तर वेगळं आणि खरं वेगळं, हे एकदा शिकलं की ते सगळ्याच विषयांना लागू पडतं. मग नागरिकशास्त्रात समता लिहायची आणि घरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवायचा. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर लोक उत्पन्न लिहितात, तेही याच पद्धतीनं.

हा दोन वह्यांचा धंदा आपणच काढला असं मात्र कुणी समजू नये. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटानं स्वच्छ लिहून ठेवलं, की सूर्यग्रहणात चंद्र आड येतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली पडते. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं ग्रहणाचं गणित सावलीवरूनच मांडलं, आणि वर राहू नाकारणाऱ्यांना शास्त्राचा आधार देऊन झापलंही. चारेक शतकांनी अल्बेरुनी आला. एवढा बुद्धिमान माणूस असं का लिहितो, या कोड्यात तो पडला. अल्बेरुनी बँकेत नसल्यामुळे त्याला सस्पेन्स अकाउंट ठाऊक नव्हतं.

आणि कोकण तर या गणिताचं माहेरघर. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि पुढे कित्येक पिढ्या आपली पंचांगं त्यावर झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशानं शिक्षक. त्यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला तो १८९६ साली. पंचांगातलं ग्रहण मिनिटाला मिनिट बरोबर येतं, ते असल्या माणसांच्या आकडेमोडीमुळे. राहूची मुलाखत घेऊन कुणी स्पर्शकाळ काढलेला नाही. म्हणजे ज्या पानावर वेध छापलेले असतात, त्याच पानावर राहूच्या अनुपस्थितीचा दाखलाही छापलेला असतो. आपण फक्त डावीकडचा रकाना वाचतो.

विज्ञानवाल्यांनी यावर फार हसू नये. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून गेलं. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जागा दाखवतात, आणि तिथून लॉकियर साहेबानं हेलियमचा शोध लावला असं मोठ्या अभिमानानं सांगतात. लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. त्यानं ती पिवळी रेषा इंग्लंडात बसून, ऑक्टोबर महिन्यात अभ्यासली. ग्रहणाच्या दिवशी गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच जान्सेन. लॉकियर इकडे ग्रहणाला आला खरा, पण १८७१ मध्ये, केरळात बेकलला. पण ओटा आहे म्हटल्यावर साहेब हवाच! पुरावा न बघता मान डोलावण्याला कुठल्याही एका धर्माची गरज लागत नाही.

“मग चालू दे की,” असं आमचे एक सहकारी म्हणतात. “तुळशीचं पान टाकलं तर तुझं काय जातं?” हे गृहस्थ रोख विभागात आहेत आणि काय जातं यावर त्यांची सतत नजर असते.

पानाचं काही जात नाही, खरं आहे. परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, ही गोष्ट मीही मुलीला रंगवून सांगितली आहे. वाऱ्याच्या कड्यावरचा काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे तिला शाळेनं सांगितलं. दोन्ही ऐकून ती आनंदात आहे. त्या बाणाचं बिल कुणाच्या नावावर फाटलेलं नाही.

ग्रहणाचं फाटतं. माझ्या एका मावशीच्या नावावर फाटलं. १६ फेब्रुवारी १९८० ला मोठं सूर्यग्रहण झालं. कर्नाटकात अंकोल्याकडून खग्रास पट्टा गेला आणि आपल्याकडेही सूर्याची बरीचशी कोर खाल्ली गेली. मावशीला सातवा महिना. घरात सगळे देवापुढे बसलेले असताना ती स्वयंपाकघरात विळीवर बसली होती म्हणे. दोन महिन्यांनी मुलगा झाला तो फाटक्या ओठाचा. पुढे ऑपरेशन झालं, ओठ शिवला गेला, मिशी आल्यावर तर खूणही दिसेना. पण मावशीकडे पाहून बायका आवाज खाली आणत, ते चालूच राहिलं. सासूनं अखेरपर्यंत तिला पोटुशी बाईच्या जवळ बसू दिलं नाही. आणि मावशीनं स्वतः? तिनं त्या दिवसापासून विळी हातात धरली नाही. भाजी नेहमी दुसऱ्या कुणीतरी चिरून द्यायची.

आता हिशेब बघा. बाळाचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. म्हणजे माझ्या मावसभावाचा ओठ १९७९ च्या गणपतीच्या आगेमागे जुळायचा तो राहिला. त्या वेळी मावशीला आपल्याला दिवस गेलेत हेही धड कळलं नसेल. ग्रहण आलं तेव्हा त्या गोष्टीला पाच-साडेपाच महिने झाले होते. दोन तारखांची वजाबाकी! आमच्याकडे नवा शिपाईसुद्धा करतो. पण त्या घरात दोन पदवीधर आणि एक शिक्षक असून कुणी केली नाही, कारण ती वजाबाकी शाळेच्या वहीतली होती आणि मावशी घरच्या वहीत होती.

म्हणून २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळल्याची बातमी आली, तेव्हा माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही ती लागली. करोनानंतर मुलांचं ओझं कमी करायचं असं कारण दिलं होतं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात धडा आहेच, असं उत्तर मिळालं. पण दहावीनंतर आमच्यासारखे जे डेबिट-क्रेडिटकडे वळतात, त्यांची आणि डार्विनची मग जन्मात गाठ पडायची नाही. त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही असं सांगून डार्विन शाळेतून काढायला सुचवलं होतंच. ‘पाहिलेलं नाही’ हा निकष लावायचा तर माझ्या खापरपणजोबांची पंचाईत होईल. आपल्या राज्य मंडळानं मात्र दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा घातला. रोख विभागातल्या सहकाऱ्यांचं म्हणणं, डार्विननं हे सगळं आपल्या दशावतारावरून उचललं. मत्स्य, कूर्म, वराह, बघा क्रम! असेल बुवा. पण तसं असेल तर धडा ठेवायला आपली हरकत का असावी, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

शाळेनं आजीला वेडी ठरवावं असं मी म्हणत नाही. बारा वर्षांच्या पोराच्या हातात दांडकं देऊन त्याला देवघरावर पाठवणारं विज्ञानही मला नको. शाळेनं एवढंच म्हणावं : चल, बघू या. आणि बाईंनी स्वतःही बघावं. संविधानात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलं आहे. नागरिकाचं, म्हणजे परीक्षार्थीचं नव्हे.

त्या मंगळवारी तडजोड अशी झाली, की पोरीनं जावं, पण उपाशी जावं. विज्ञान आणि धर्म यांचा समन्वय म्हणून परिसंवादांतून जे सांगतात, ते आमच्या घरात इतपतच जमलं. पाचच्या सुमारास आम्ही वाऱ्याच्या पुळणीवर उतरलो. अमावास्या, ऐन ओहोटी, वाळू दूरवर उघडी पडलेली. सुरूच्या झाडांखाली पुण्या-मुंबईचे पर्यटक फोन सूर्यावर रोखून उभे. चष्मा एकच. तो आधी कन्येच्या, मग माझ्या, मग एका भेळवाल्याच्या डोळ्यांवर फिरला. उजळ तबकडीचा एक घास खाल्लेला दिसत होता. भेळवाल्यानं चष्मा परत देताना विचारलं, “आता भेळ विकली तर चालेल ना?” सूर्य तसाच, ग्रस्त, पाण्यात गेला.

घरी आलो तर आई दारातच. “किती गिळला होता गो?” तिनं विचारलं. नातीनं वही उघडून आकृत्या दाखवल्या. आईनं चष्मा लावून एकेक पाहिली. मग म्हणाली, “ओहोटी होती ना? असायचीच. तिथीची पाऊणपट करावी, भरती कळते. अवसेला सव्वाअकराची भरती. संध्याकाळी पुळण मोकळी.”

कन्येनं बोटांवर मोजलं. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. तिचे डोळे मोठे झाले. “आजी, हे तुला कुणी शिकवलं?”

“शिकवायला कशाला हवं? तुझे आजोबा होडीतून जायचे. गणित चुकलं तर होडी चिखलात.”

मी मान खाली घालून चहाची वाट बघत होतो, पण हे ऐकून मान वर केली. तिथी तीच, चंद्र तोच, आणि बाईही तीच. होडी पाण्यात घालायची तर ती गणित करत होती, आणि विळीवर बसायचं तर पंचांगाला विचारत होती.

गेल्या वर्षीपासून आजी-नातीचा पुढच्या ग्रहणावर करार चालू आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दिव्यांची अवस. खग्रास तिकडे इजिप्तमध्ये, आपल्याकडे खंडग्रास, तेही भर पावसात. कन्येचं म्हणणं, न दिसणारं ग्रहण पाळायचं नसतं असं पंचांगातच असतं, तेव्हा ढग असतील तर वेध रद्द. आईचं म्हणणं, क्षितिजाखालचं वेगळं आणि ढगाआडचं वेगळं. ढगाआड असलं तरी ते असतंच.

“म्हणजे दिसलं नाही तरी असतं, हे तुला गणितावरून कळणार?” नात विचारते.

“मग कशावरून?” आई म्हणते. “आणि तो चष्मा जपून ठेव. त्या दिवशी चुकून ऊन पडलं तर मला हवाय.”