शिफारस आणि साक्ष

वर्ष सरत आले की अनेक देशांतील सार्वजनिक ग्रंथालयांत एक प्रथा पाळली जाते. देवघेवीच्या टेबलावर बसणारा लेखनिक, बालविभाग सांभाळणारी ग्रंथपाल, परत आलेली पुस्तके कपाटात लावणारा शिपाई, असे सारेजण त्या वर्षी आपणांस सर्वाधिक आवडलेली दोन-तीन पुस्तके वाचकांना सांगतात. यादी फलकावर लागते आणि पुस्तके एका वेगळ्या मेजावर मांडली जातात. वरवर पाहता ही एक हौशी, निरुपद्रवी गोष्ट वाटते. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याने काय वाचावे हे सुचविण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणत्या मर्यादेत?

ग्रंथपालाने तटस्थ असावे, असे एक मत आहे. मागेल त्याला मागेल ते पुस्तक काढून द्यावे. स्वतःची आवडनिवड घरी ठेवावी. या मतात वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी आदर आहे, हे नाकारता येत नाही. पण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, आणि तिसरा सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. हा तिसरा सिद्धांत मौनाने कसा पाळला जाणार? कपाटातील पुस्तक स्वतःहून हाक मारीत नाही. ग्रंथपाल गप्प राहिला म्हणून वाचक स्वतंत्र होत नाही. त्याची निवड मग जाहिरात करते, प्रसिद्धी करते किंवा परीक्षेचा अभ्यासक्रम करतो. मौन हीदेखील एक शिफारसच आहे, फक्त तिची जबाबदारी कोणी घेत नाही.

तरीही शिफारशीचे सामर्थ्य धोक्याचे असते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण बोलके आहे. तेथील बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरोल मूर यांनी 1906 ते 1941 या काळात मुलांसाठी ग्रंथालयाची दारे खऱ्या अर्थाने उघडली. स्थलांतरितांच्या मुलांना त्यांच्या भाषांतील पुस्तके मिळावीत यासाठी त्या झटल्या. मुलांच्या पुस्तकांविषयी त्यांच्या याद्या प्रमाण मानल्या जात. मात्र त्यांची नापसंतीही तितकीच वजनदार ठरली. मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ हे चिमुकले पुस्तक 1947 साली निघाले, तेव्हा मूरबाई निवृत्त झाल्या होत्या. पण त्यांचा शब्द निवृत्त झाला नव्हता. ते पुस्तक त्या ग्रंथालयात आले 1972 साली. ग्रंथालयाने 2020 मध्ये आपल्या 125 वर्षांतील सर्वाधिक वाचली गेलेली दहा पुस्तके जाहीर केली, तेव्हा या पुस्तकाचा वेगळा उल्लेख करावा लागला. ते उशिरा आले नसते तर कदाचित त्या दहांत असते. येथे दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. एका सुजाण, कर्तबगार बाईंची आवड हळूहळू नियम बनली, एवढेच घडले. ‘मला आवडले नाही’ आणि ‘ते येथे नको’ या दोन वाक्यांतील अंतर पुसले गेले.

हे अंतर पुसले गेल्याचा अनुभव आपल्या ख्रिस्तसभेलाही आहे. निषिद्ध ग्रंथांची रोमची पहिली सूची पोप चौथे पॉल यांच्या काळात 1559 साली निघाली आणि 1966 साली पोप सहावे पॉल यांच्या काळात तिचे कायदेशीर बंधन संपले. व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ल मिझेराब्ल’ ही कादंबरी 1959 पर्यंत त्या सूचीत होती. जगाच्या वाङ्मयात ज्याच्याविषयी सर्वाधिक आदर वाटावा अशा बिशपांपैकी एक ज्या कादंबरीत भेटतो, नेमकी तीच! सूची करणाऱ्यांची कळकळ खोटी नव्हती. आत्म्यांचे रक्षण करावे हाच त्यांचा हेतू होता. पण मनाई केल्याने मन भरत नाही.

हे सत्य आपल्या भाषेत फार पूर्वीच कोणी तरी बोलून दाखविले आहे. 1616 साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाचे निमित्त सांगितले आहे. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंना विचारतो की, पूर्वीची पुराणे वाचू नका म्हणता, तर त्यांच्या ठिकाणी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? स्टीफन्स यांनी हा प्रश्न दडपला नाही, तर ग्रंथाच्या आरंभीच नोंदविला आणि हजारो ओव्या रचून त्याचे उत्तर दिले. ज्याने एका हाताने पुस्तक काढून घेतले, त्याचा दुसरा हात रिकामा असू नये, ही त्या श्रोत्याची मागणी न्यायाची होती.

मग योग्य शिफारस कोणती? माझ्या मते तिचे स्वरूप आज्ञेचे नव्हे, साक्षीचे असते. आज्ञा म्हणते, ‘हे वाच.’ साक्ष म्हणते, ‘हे मी वाचले, आणि माझे असे झाले.’ साक्षीदारावर तीन बंधने असतात. पहिले सत्याचे. आपण खरोखर वाचलेले आणि खरोखर आवडलेले तेच सांगावे. विद्वान दिसावे म्हणून जाडजूड ग्रंथाचे नाव घेणे ही खोटी साक्षच होय. दुसरे बंधन नम्रतेचे. ‘मला’ हा शब्द वाक्यातून गळता कामा नये, कारण तोच दुसऱ्याला नकार देण्याची मोकळीक देतो. तिसरे न्यायाचे. यादीत नसलेले पुस्तकही कपाटात राहिले पाहिजे आणि मागणाऱ्याला हसतमुखाने मिळाले पाहिजे.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप आणि हबशी षंढ यांची कथा आहे. तो अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता. फिलिपने त्याच्या हातातील गुंडाळी हिसकावली नाही, दुसरी पुढे केली नाही. निमंत्रण मिळाल्यावर तो रथात चढून त्याच्या शेजारी बसला आणि तो वाचीत होता तेथूनच त्याने बोलण्यास आरंभ केला. वाचकाच्या शेजारी बसणे हीच शिफारशीची खरी जागा आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 17 जुलै 2024 रोजी वाङ्मयाच्या वाचनाविषयी एक पत्र लिहिले. 1964-65 साली सांता फे येथील येशूसंघीय शाळेत ते साहित्य शिकवीत असत. विद्यार्थ्यांना नेमलेले जुने वीरकाव्य नको होते, लोर्का हवा होता. तेव्हा नेमलेले काव्य त्यांनी घरी वाचावयास सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले, अशी आठवण त्या पत्रात आहे. गुरुत्व न सोडता शेजारी बसता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आज आपण आईवडील, शिक्षक आणि आम्ही धर्मगुरू, मुलांना काय पाहू नये आणि काय वाचू नये हे वारंवार सांगत असतो. मोबाईलविषयी प्रवचने होतात, आणि त्यांत तथ्यही असते. परंतु स्टीफन्स यांच्या श्रोत्याचा प्रश्न त्या मुलांच्याही ओठांवर आहे: याच्या ठिकाणी काय देता? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण स्वतः या वर्षी मनापासून वाचलेल्या एका पुस्तकाचे नाव सांगू शकलो नाही, तर आपल्या मनाईला वजन कोठून येणार?

म्हणून येत्या नाताळात आपल्या धर्मग्रामांतील ग्रंथालयांनी हा उपक्रम करून पाहावा. फलकावर ग्रंथपालाचे पुस्तक असावे, घंटा वाजविणाऱ्याचे असावे, गायनवृंदातील मुलीचे असावे आणि धर्मगुरूचेही असावे. प्रत्येकाने खाली दोन ओळींत आपणांस ते का आवडले हे लिहावे. ती पुस्तके धार्मिकच असली पाहिजेत असे नाही. संत ऑगस्टीन यांच्या मनात सत्याची ओढ प्रथम जागविली ती सिसेरोच्या एका ग्रंथाने, आणि सिसेरो ख्रिस्ती नव्हता. कोणते पुस्तक कोणाला कोठे नेईल हे फलक लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. त्याने आपली साक्ष प्रामाणिकपणे द्यावी आणि कपाटाचे कुलूप उघडे ठेवावे.