चालीचे ऋण

गाणे कोणाचे? ज्याने शब्द लिहिले त्याचे, ज्याने चाल बांधली त्याचे, की ज्या अनाम कंठांतून ते पिढ्यान् पिढ्या वाहत आले त्यांचे? कायद्यापुरते या प्रश्नाचे उत्तर देता येते. नैतिक दृष्टीने मात्र ते इतके सरळ नाही. अमेरिकेचे गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या कारकिर्दीत हा प्रश्न विशेष ठळकपणे उभा राहतो. म्हणूनच त्यांच्या उदाहरणाच्या आधारे त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

रॉबर्ट ॲलन झिमरमन हे त्यांचे मूळ नाव. २४ मे १९४१ रोजी मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे त्यांचा जन्म झाला आणि बालपण हिबिंग या लोहखाणींच्या गावी गेले. जानेवारी १९६१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, त्यामागे एक मोठी ओढ वुडी गथ्री यांच्या भेटीची होती. दुष्काळाने आणि मंदीने देशोधडीला लागलेल्यांची गाणी गाणारे गथ्री त्या वेळी न्यू जर्सीतील रुग्णालयात असाध्य व्याधीने खिळून होते. एकोणीस वर्षांचा हा तरुण त्यांना त्यांचीच गाणी ऐकवी. पुढे १९६२ मध्ये डिलन यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीत त्यांची स्वतःची अशी दोनच गीते होती. त्यांपैकी एक गथ्रींना उद्देशून होते आणि त्याची चालही गथ्रींच्याच एका गीताची होती. खुद्द गथ्रींनी तरी वेगळे काय केले होते? त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गीताची चाल कार्टर कुटुंबाच्या गाण्यांतून आलेली आहे. आणि कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर हे डोंगराळ भागात हिंडून लोकांच्या तोंडची गाणी गोळा करीत असत. देवघेवीची अशी साखळी डिलन यांच्यापाशी येऊन पोहोचली होती.

१९६३ च्या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ही साखळी जागोजागी दिसते. 'मास्टर्स ऑफ वॉर' या युद्धविरोधी गीताची चाल 'नॉटमन टाउन' या जुन्या गीताची. केंटकीतील जीन रिची यांच्या घराण्याने ते गीत जपले होते. 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' या गीताचा प्रश्नोत्तरांचा साचा 'लॉर्ड रँडल' या आई-मुलाच्या संवादावर रचलेल्या जुन्या कथागीताचा. आणि ज्या गीताने डिलन यांचे नाव जगभर गेले, त्या 'ब्लोइन इन द विंड'चे मूळ 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गीतात आहे. हे आम्ही आरोप म्हणून सांगत नाही. १९७८ मधील एका मुलाखतीत त्यांनी स्वतःच ते मान्य केले आहे.

येथे मात्र आपल्याला थोडे थांबावे लागते. 'ऑक्शन ब्लॉक' म्हणजे ज्या चौथऱ्यावर उभे करून गुलामांचा लिलाव होई तो चौथरा. ते गीत गुलामगिरीतून सुटलेल्या, सुटू पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांचे आहे; त्याचा एक पाठ १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुलामांच्या गीतसंग्रहात आढळतो. ज्यांना स्वतःच्या देहावर मालकी सांगता आली नाही, ते आपल्या गाण्यावर ती कोठून सांगणार? त्यांच्या चालीतून उमललेले एक गीत पुढे एका गोऱ्या तरुणाची मालमत्ता म्हणून नोंदले गेले. यात काही अन्याय झाला काय?

कायदा म्हणतो, नाही. पारंपरिक चाल ही सार्वजनिक ठेव असते. तिच्यावर कोणीही नवे शब्द रचावेत, आणि त्या नव्या रचनेपुरता हक्क रचणाऱ्याचा. मूळ चाल जेथे होती तेथेच, सर्वांसाठी खुली राहते. विहिरीतून एकाने घागर भरून नेली म्हणून विहीर आटत नाही, असा हा युक्तिवाद आहे आणि तो पुष्कळसा खराही आहे. शिवाय डिलन यांनी जे घेतले ते तसेच्या तसे ठेवले नाही. मुक्तीच्या निर्धाराचे ते गीत त्यांच्या हाती अख्ख्या समाजाच्या सदसद्विवेकाला घातलेले प्रश्न होऊन बसले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी जो विराट मेळावा भरला, त्यात पीटर, पॉल आणि मेरी या त्रयीने ते गायिले. कृष्णवर्णीय गायक सॅम कुक यांना ते ऐकून हेलावल्यासारखे झाले, आणि असे गीत आपल्यापैकी कोणी का लिहू नये ही टोचणीही लागली. 'अ चेंज इज गॉना कम' या त्यांच्या अजरामर गीतामागे ती टोचणी होती. १९६६ मध्ये स्टीव्ही वंडर यांनी तर 'ब्लोइन इन द विंड'च गाऊन लोकप्रिय केले. ज्यांच्या घरून चाल निघाली होती त्यांच्याच घरी ती नवे रूप घेऊन परतली. काही ऋणे अशीही फिटतात.

तरीही पूर्ण फिटली, असे म्हणवत नाही. येथे ऋणको आपल्याला ठाऊक आहे, धनको मात्र सापडत नाही. आणि धनको सापडत नाही म्हणून कर्ज बुडाले असे मानणे हा व्यवहार झाला, नीती नव्हे. अशा ऋणाची फेड पैशाने होत नसेल तर ती निदान नाव घेऊन व्हावी. नाव घेण्याचे मोल किती, हे इंग्रज लोकगायक मार्टिन कार्थी यांच्या अनुभवावरून दिसते. 'स्कारबरो फेअर' हे पारंपरिक गीत लंडनमध्ये त्यांच्याकडून डिलन यांनी ऐकले आणि पुढे पॉल सायमन यांनीही. डिलन यांनी त्यावरून 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' हे वेगळेच गीत रचले. त्याबद्दल कार्थी यांनी राग धरला नाही. सायमन यांनी मात्र १९६६ मध्ये ते गीत आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले, तेव्हा कार्थी यांचे नाव कोठेच नव्हते. तो सल पुष्कळ वर्षे टिकला. २००० साली लंडनच्या मंचावर दोघांनी ते गीत एकत्र गायिले, तेव्हा ते वैमनस्य मिटले. येथे दुखावले होते ते नाव न घेतल्यामुळे.

आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती ज्यांनी चाळल्या असतील त्यांना या ठिकाणी एक गोष्ट आठवेल. 'सौभद्र' असो की 'शारदा', पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून ज्या गीताच्या वळणावर ते पद बांधले त्याचा निर्देश केलेला असे. लावणी, कीर्तनातील पद, कानडी गीत, जेथून घेतले तेथला पत्ता तेथेच दिलेला. नटाला पद कसे म्हणावे हे कळावे, हा त्याचा व्यावहारिक हेतू होता, हे खरे. पण त्या एका ओळीने ऋणाचा उच्चारही आपोआप होत असे, आणि त्यामुळे किर्लोस्करांची वा देवलांची थोरवी तिळभरही उणावली नाही.

डिलन यांचा या बाबतीतला हिशेब संमिश्र आहे. १९९३ च्या 'वर्ल्ड गॉन राँग' या पारंपरिक गीतांच्या ध्वनिमुद्रिकेसोबत त्यांनी कोणते गाणे कोणाकडून आले याची टिपणे स्वतः लिहिली. फेब्रुवारी २०१५ मधील एका भाषणात आपली गाणी हवेतून अवतरली नाहीत, लोकगीते रात्रंदिवस गाण्यातून ती उपजली, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण २००१ च्या त्यांच्या गीतांत जपानी डॉक्टर-लेखक जुनिची सागा यांच्या पुस्तकातील वाक्ये नामनिर्देशाविना आली होती, हे २००३ मध्ये उघड झाले. सागा यांना त्याचा आनंदच वाटला; पण त्यांच्या उदारपणाने डिलन यांचे कर्तव्य संपले असे आम्हांस वाटत नाही. अनाम परंपरेचा धनी शोधून सापडत नाही. येथे तर तो हयात होता, आणि त्याचे नाव पुस्तकावर छापलेले होते.

डिसेंबर २०२० मध्ये डिलन यांनी आपल्या सहाशेहून अधिक गीतांचे हक्क युनिव्हर्सल या कंपनीला विकले. आपल्या श्रमाचे मोल घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. प्रश्न उरतो तो पुढच्या पिढीचा. आज कोणा वीस-एकवीस वर्षांच्या कवीने 'ब्लोइन इन द विंड'च्या चालीवर आपल्या काळाचे शब्द बसवायचे ठरवले, तर त्याला आधी कंपनीची परवानगी मागावी लागेल. आणि या शतकाचे अर्धे उलटून जाईपर्यंत तरी ही स्थिती बदलणार नाही. डिलन यांना १९६२ मध्ये अशी परवानगी कोणापाशीही मागावी लागली नव्हती. ज्या मोकळिकीतून ते घडले तीच त्यांच्या गीतांभोवती आता उरलेली नाही.

२०१६ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा निवड समितीने त्यांच्या नव्या काव्याभिव्यक्तीचा गौरव करताना ती अमेरिकी गीतपरंपरेच्या अंतर्गत आहे, असे आवर्जून म्हटले. तो शब्दप्रयोग आम्हांस मोलाचा वाटतो. परंपरेतून घेणे हे पाप नाही. न घेता कोणी कवी झालेला नाही. घेणाऱ्यावर दोन बंधने येतात, एवढेच: कोठून घेतले ते सांगावे, आणि आपल्यामागून येणाऱ्यासाठी वाट मोकळी ठेवावी. पहिले डिलन यांनी बरेचसे, पण सर्वत्र नव्हे, पाळले. दुसरे आता त्यांच्या हाती राहिलेले नाही. ते कायदा करणाऱ्यांच्या आणि हक्क विकत घेणाऱ्यांच्या हाती गेले आहे. आणि तेथे ऋण हा शब्द फक्त खतावणीतच आढळतो.